सुट्या बेअरिंगचं गाऱ्हाणं

दाजी नारळ घेऊन नव्या स्पिंडलसमोर उभे राहिले, तेव्हा गुरुप्रसाद मुद्दाम दारापाशीच थांबला. खाई त्याला खवखवे, दुसरं काय! स्पिंडल म्हणजे लाकडावर नक्षी कापणाऱ्या मशीनचा तो गरगर फिरणारा कणा. आधीचा जळला होता, आणि तो का जळला हे तिथे एकट्या गुरुप्रसादला ठाऊक होतं.

चतुर्थी तोंडावर आली होती. इन्सुलीत शर्मिष्ठाच्या कारखान्यात लाकडी मखरांची घाई चाललेली, आणि नेमका तेव्हाच स्पिंडल किरकिरायला लागला. तिने कुडाळहून मशीन दुरुस्त करणाऱ्या गुरुप्रसादला बोलावलं. बेअरिंग कुठली घालायची यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. भार तिरका झेलणारी, अँग्युलर कॉन्टॅक्ट. वेग अफाट, म्हणून पंधरा अंशांच्या कोनाची. पंचवीसची दाब जास्त घेते, पण या वेगाला तापते. एक बेअरिंग एकाच बाजूचा रेटा सोसते म्हणून दोन लागतात, आणि त्या कंपनीतूनच एकमेकींच्या मापाने घासून जोडीने आलेल्या हव्यात. हे सगळं त्याला तोंडपाठ. पण तशी जोडी कोल्हापूरहून यायची होती, तीही चतुर्थीनंतर.

"गुरुदादा, गणपती माझ्यासाठी थांबतले काय?" शर्मिष्ठा रडकुंडीला आली होती.

झालं, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. त्याच्या फडताळात दोन सुट्या बेअरिंग पडून होत्या. नंबर तोच, कोन तोच, पण दोन वेगवेगळ्या मोडलेल्या जोड्यांतल्या. जोडीतल्या दोघींवर मिळून कंपनी एकच बाण काढते, अर्धा हिच्यावर, अर्धा तिच्यावर. या दोघी शेजारी ठेवल्या तर बाण जुळेना. एकीची रेघ एका जागी, दुसरीची भलतीकडेच. गुरुप्रसादने थिनरचा बोळा घेतला आणि दोन्ही रेघा पुसून टाकल्या. मग त्याने त्या बेअरिंग बसवल्या आणि शर्मिष्ठाकडचा चहाही प्याला.

ऐन हरतालिकेच्या दिवशी स्पिंडलमधून धूर निघाला. मखरं अर्धवट राहिली, गिऱ्हाइकं हात हलवत परत गेली. गुरुप्रसादने सगळ्यांसमोर स्पिंडल खोलला. आतले गोळे तापून निळे पडले होते. कारण त्याला तिथेच कळलं, तोंडातून मात्र भलतंच निघालं.

"सकाळी आधी हळू फिरवून घेता ना रे? की एकदम वेगात सोडता?"

मशीन चालवायचा बाबली. केस पिकलेला माणूस, खोटं बोलणं त्याला जन्मात जमलं नाही. त्याने डोकं खाजवलं. "एखाद दिस सुटला आसात माझ्या हातसून," तो म्हणाला.

गुरुप्रसाद गप्प राहिला. त्या गप्प राहण्याने बाबलीचा घात केला. सण आटोपून कारखाना उघडला तसं शर्मिष्ठाने त्याला मशीनवरून काढून पॉलिशपेपर घासायला बसवलं. तो मुकाट बसला.

"बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा," दाजींनी देवाला साकडं घालणारं गाऱ्हाणं सुरू केलं. ते शर्मिष्ठाचे काका. घरचं गाऱ्हाणं तेच घालायचे. "ह्या नव्या कामाक यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"मागे बाबलीच्या हातसून चूक झाली, ती पोटात घाल. त्येका माफ कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." सगळ्यांत मोठा आवाज बाबलीचाच. हात जोडलेले, डोळे मिटलेले, पापण्यांवर भुसा.

गुरुप्रसादने जोडलेले हात सोडले. गाऱ्हाण्याला 'व्हय' म्हणायचं म्हणजे देवासमोर साक्ष द्यायची. माणसांशी खोटं बोलून झालं होतं, आता हेही करायचं?

"दाजीनू, जरा थांबा," तो म्हणाला. "बाबलीचा नाव घेव नकात. माझा घ्या. मी जोडी नसलेल्या बेअरिंग बसवलंय. खूण पण मीच पुसलंय."

दाजींनी आजवर गाऱ्हाणं कधी मध्ये तोडलं नव्हतं. त्यांनी शर्मिष्ठाकडे पाहिलं. ती गुरुप्रसादकडे टक लावून बघत होती, मग तिने मान फिरवली. दाजींनी नारळ दुसऱ्या हातात घेतला.

"गुरुप्रसादाच्या हातसून चूक झाली. त्येका माफ कर रे म्हाराजा."

गाऱ्हाणं 'व्हय'वाचून तसंच लोंबकळत राहिलं. गुरुप्रसाद मान खाली घालून उभा होता, आणि यांनी माफ करू नये हेच त्याला बरोबर वाटत होतं.

"व्हय म्हाराजा," कोपऱ्यातून बाबली म्हणाला. एकटाच.