हव्वाच्या नावाचं ताट

माझी आई रिबकाबाई म्हणजे बुरोंडीतलं हायकोर्ट. वहिनीला, शेगुल्लाला, तिसरीही मुलगीच झाली, तेव्हा आईने पडवीत बसून निकाल दिला, "नवस नातवाचा होता. मलिदा नाय."

मलिदा म्हणजे आम्हा बेने इस्राएलांचं, कोकणातल्या ज्यूंचं, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाचं ताट. गूळ-खोबऱ्यात कालवलेले पोहे, भोवती फळं. त्यावर बेराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना म्हणायची, मग खायचं. भाऊ मुंबईला गिरणीत, म्हणजे वहिनीच्या बाजूने बोलायला मीच उरले, आणि आईपुढे माझी बोलती बंद.

पण बारशाच्या दिवशी वहिनीने स्वतःच पोहे भिजवले. प्रार्थना म्हणणाऱ्या हसाजीकाकांना बोलवायला मला धाडलं. शेजारीपाजारी जमले तेव्हा म्हणाली, "काका, हिचं नाव हव्वा."

आई ताडकन उठली. "जिने देवाने मना केलेलं फळ खाऊन बायांच्या पाठी बाळंतकळा लावल्या, तिचं नाव? हसाजी, तू बेराखा म्हणालास तर माझ्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाय."

काका टोपी सारखी करत उठायला लागले. ते गेले असते तर पोर बिननावाची राहिली असती आणि वहिनी जन्मभर खाली मान घालून.

वहिनी शांत होती. "काका, आदामाने तिला हव्वा कधी म्हटलं? फळ खायच्या आधी की नंतर?"

काका थांबले. "नंतर."

"आणि काय म्हणून?"

"सगळ्या जिवंतांची आई म्हणून."

"मग ज्याचं नुकसान झालं त्याने मानाने नाव दिलं, आणि आपण तोंड वाकडं करायचं? सासूबाई, कळा तुम्हीपण सोसल्यात. आपल्याला लाज वाटावी असं त्यात काय हाय?"

आई निकाल न देताच भिंतीला टेकली. आयुष्यात पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की खोटं कशाला बोलू, नाचावंसं वाटलं.

काका खाली बसले. त्यांनी फळांवर बेराखा म्हटली आणि पोरीचं नाव खणखणीत पुकारलं.

रीतीप्रमाणे पहिलं फळ घरातल्या वडील पुरुषाला. पण वहिनीनेच हात पुढे केला, ताटातलं केळं उचललं, सोललं आणि सगळ्यांदेखत अर्धं खाल्लं. उरलेलं अर्धं तिने आईपुढे धरलं.

आईने ते घेतलं आणि खाल्लं.