भंगारातली कणी

आमच्या यांना ओसरीत निजवलं होतं, डोक्याशी दिवा लागला होता, आणि माझे चुलतदीर मारोतराव सोन्यासाठी घाई करत होते. मेलेल्याच्या तोंडात मुलानं सोन्याची कणी ठेवायची, मगच तिरडी उचलायची, ही आमच्यातली रीत. माझी नाकातली फुली नि गळ्यातली एकदाणी यांच्या दवाखान्यानं आधीच गिळलेली. मारोतरावांनी बायकोच्या पोतीतला मणी उसना देऊ केला, तोही साऱ्या ओसरीला ऐकू जाईल असा. आर्णीत दुसऱ्याच्या घरात डोकावणं, एवढाच या माणसाचा धंदा. मी नको म्हटलं. यांना उसन्या सोन्यावर पाठवायचं होतं, तर जन्मभर ताठ मानेनं जगले कशाला?

माझा मुलगा उकंडा आत गेला आणि आगपेटी घेऊन आला. तिच्यात कापसावर मोहरीएवढी कणी. खेमसिंगच्या भंगाराच्या दुकानातून जुने मोबाइल, कॉम्प्युटर आणायचे, आतल्या हिरव्या पाट्यांचा सोनेरी भाग कातरून तेजाबात टाकायचा, तळाला बसलेला गाळ वितळवायचा. वर्षभर मागच्या अंगणात त्याचं हेच चाललं होतं. त्या धुरानं माझं लिंबाचं झाड करपलं, तेव्हा मीच त्याला सोनं पेरणारा दीडशहाणा म्हटलं होतं.

मारोतरावांनी नाकाला दुपट्टा लावला. "वहिनी, हे कचऱ्यातलं हाय. असं तोंडात ठेवत असते काय कोणी?"

"काहून? तुमच्या बायकोची पोत कोणत्या उकिरड्यातून निघाली, हे सोनाराले इचारलं होतं काय तुम्ही?"

कुणीतरी हसलं, मग समोर मयत आहे हे आठवून गप्प झालं. मारोतराव रागानं चपला शोधायला उठले, आणि लोक काय म्हणतील म्हणून परत बसले. तेवढीच त्यांची हिंमत.

"ठेव रे," मी उकंड्याला म्हटलं.

त्यानं बापाचे ओठ उघडले, चिमटीतली कणी आत ठेवली, मागे सरून हात जोडले. कणी सतरंजीवर पडली होती, यांच्या कानाजवळ. त्याला कळलंच नव्हतं.

मी त्याचा हात ओढून बोटं उलटी केली. टोकं पिवळी, गुळगुळीत. तेजाबानं रेघासुद्धा ठेवल्या नव्हत्या. मी नख रुतवलं. तो नुसता माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

"लागून राह्यलं काय?"

"काय वं, माय?"

मी कणी उचलून त्याच्या चिमटीत दिली, वरून माझी बोटं घट्ट आवळली, आणि त्याचा हात यांच्या तोंडापर्यंत नेला.