दोन पानांवरची ओळख

आषाढातल्या उघडिपीचा ओला, कोवळा उजेड आठवला की आधी मला भागीकाकीचा तळहात दिसतो. त्यावर नुकतंच उपटलेलं एक रोप, मुळांना चिकटलेली तांबडी माती, दोऱ्यासारखा देठ आणि माथ्यावर उघडलेली पहिली दोन पानं. काकी तो हात आभाळाकडे धरी, डोळे बारीक करी आणि बाजारात टोपलीवरचं फडकं बाजूला सारावं तितक्या सहज सांगे, ही सुरमय, ही तांबोशी.

रत्नागिरीत खाडीकाठच्या तिच्या घरी, पडवीतल्या खोलीत, मी पदवीची तीन वर्षं काढली. राजापूरकडच्या आमच्या घरातून कॉलेजात पोचलेली मी पहिलीच. बीजपत्र हा शब्द मी पुस्तकातून पाठ केला होता. बीजपत्र पाहायला काकीने शिकवलं. तिच्या गडग्यावर, त्या दगड रचून केलेल्या कुंपणावर, दोन वेली चढत. पहाटे उमलून उन्हं चढताच मिटणारी निळवेल, आणि तिन्हीसांजेला पांढरंशुभ्र ताट उघडणारी चांदवेल. आदल्या वर्षीच्या बिया पावसात एकदम रुजत आणि गडग्याच्या पायथ्याशी रोपांची दाटी होई. विरळणी करायची ती पहिल्या दोन पानांवरूनच. निळवेलीची ती पानं रुंद, टोकाला जेमतेम खाच असलेली, तांबोशी माशाच्या शेपटीसारखी. चांदवेलीची मोठी, खोलवर दुभंगलेली, सुरमईची शेपटी जशी. त्यानंतरची पानं दोघींचीही बदामाच्या आकाराची. मग अजाणत्याला काही कळायचं नाही. हे तुझ्या बुकात नाय लिवलंन काय, असं विचारून काकी हसे, आणि हसताना तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्याही तिच्या बाजूने किणकिणत.

या दोन वेलींत काकीचा सारा दिवस सामावला होता. तांडेलकाका, म्हणजे तिचे यजमान, संध्याकाळी होडी घेऊन निघत तेव्हा चांदवेल उमलत असे; पहाटे परतत तेव्हा निळवेल. एक जाण्याचं फूल, एक येण्याचं. ती कधी देवाला मोठ्याने आळवताना दिसली नाही, किनाऱ्यावर जाऊन वाट पाहत बसली नाही. पांढऱ्या फुलावरून ओला हात फिरवून ती चुलीकडे वळे, आणि निळं फूल दिसलं की चहाचं आधण ठेवी. तीस वर्षं हे डोळ्यांसमोर असून काकांना मात्र दोन रोपांतला फरक कधी कळला नाही. दर्यातला मासा वळखतात, दारातला नाय, हा तिचा ठरलेला टोमणा होता.

माझ्या तिसऱ्या वर्षी काकांचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी जाळं ओढायला बंदी केली. होड्या पावसासाठी वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या होत्या. नारळी पौर्णिमेनंतर त्या पुन्हा पाण्यात जाणार होत्या. काका जाणार की नाही, हे कोणी विचारत नव्हतं. ते पडवीत जाळं विणत आणि दुखऱ्या हाताने सुई पुढे सारताना ओठ आवळत. काकी ते ओठ पाही आणि भांडी जरा जोरात घाशी.

त्या आषाढात तिने मला गडग्याशी बसवलं. म्हणाली, “ह्या टायमाला सुरमय एक पण ठेवू नको. सगळी काढ.”

मला अर्थ कळला: चांदवेल, ते जाण्याचं फूल, तिला या वर्षी दारात नको होतं. डोळे भरून आले की काय, कोण जाणे, पण उपटण्याच्या भरात माझ्या हातून एक तांबोशीही निघाली. सगळी रोपं मी माडाच्या आळ्याजवळ टाकली.

दुसऱ्या दिवशी ओळीच्या टोकाला एक मलूल रोप पुन्हा उभं होतं. त्याच्यावर उन्हाला आडोसा म्हणून करवंटी, भोवतीच्या मातीत जाड अंगठ्याचे ठसे. काकांनी त्या ढिगातून एक चांदवेल वाचवली होती. निदान तसं ते समजत होते. जाळ्यावरची नजर न काढता ते बोलले, “ही फुलली की जाईन मी.”

मी वाकून पाहिलं. रुंद पानं, जेमतेम खाच. मी तोंड उघडणार एवढ्यात काकीचा मातीने माखलेला हात माझ्या मनगटावर आला.

“गप ऱ्हा गो बाय,” ती हळूच म्हणाली. “वाडू दे तिला.”

पौर्णिमा झाली, होड्या गेल्या. काकांची होडी मात्र वाळूवरच होती. रोज तिन्हीसांजेला ते वेलीपाशी उभे राहत आणि कळ्या मिटलेल्याच पाहून परत फिरत. काकी त्यांच्या हातात चहाचा कप देई. तिच्या चेहऱ्यावर, दोन पानांवरून वाचलेलं ते गुपित, भरतीच्या पाण्याखालच्या खडकासारखं स्थिर असे. आणि एका पहाटे त्यातली एक कळी उमलली. निळी.

काकांनी बोटाने ते फूल जरा वळवून पाहिलं. “ही तर सकाळची,” ते म्हणाले.

“हाय ना सकाळची,” काकी म्हणाली. “सकाळला फूल दारात, तुमी घरात. काय चुकलं?”

ते हसले, दुखरा खांदा धरून, पण हसले. त्याच संध्याकाळी होडी पुतण्याच्या हाती गेली आणि काका दारातून हात हलवत राहिले.

आता काकी नाही. मी राजापूरकडे परतून गावच्या शाळेत शिकवते. मी रत्नागिरीहून निघताना तिने दिलेल्या पुडीतल्या बियांचा वंश माझ्या कुंपणाशी दर पावसाळ्यात रुजतो, आणि मी एकेक रोप तळहातावर घेऊन आभाळाकडे धरते. वेल फुलते तेव्हा ज्यांच्यावरून ती ओळखली ती पानं कधीच गळून गेलेली असतात. मला फुलताना पाहायला काकी राहिली नाही, पण मी कोणत्या वेळेला उमलेन हे तिने, माझी दोनच पानं पाहून, बहुधा तेव्हाच ओळखलं होतं.