आण्याची टाकी चारवर आहे

भरत इंजिनियर आणे गावच्या डेअरीत पहिल्यांदा आला आणि आल्या आल्या त्यानं खिशातला रुमाल काढून नाकाला लावला. तुकाबाईनं तिथंच त्याला मनातून उतरवून टाकलं. ज्या फरशीवर ती रोज दोनदा उकळतं पाणी ओतून खराटा मारायची, त्या फरशीचा ह्या शहाण्याला वास येत होता म्हणे! दुधाला दुधाचाच वास येणार, अत्तराचा कुठून येईल?

साल होतं दोन हजार सहा. पठारावरच्या चाळीस घरांचं दूध सकाळ-संध्याकाळ ह्या खोलीतल्या स्टीलच्या टाकीत ओतलं जायचं. टाकी ते चार डिग्रीपर्यंत थंड करायची आणि दुपारी चारला टँकर ते मंचरच्या मोठ्या डेअरीला न्यायचा. दूध ओतून घेणं, टाकी धुणं, लाईट गेली की जनरेटर चालू करणं आणि दर दोन तासांनी मंचरच्या हापिसात फोन करून टाकी कितीवर आहे ते सांगणं, हे तुकाबाईचं काम. नऊ वर्षं ती ते करत होती. नऊ वर्षांत एक कॅन दूध नासलं नव्हतं, आणि कुणी विचारलं नाही तरी ती हे सांगायची.

भरत हा डेअरीचे चेअरमन गेणभाऊ यांच्या मेव्हण्याचा मुलगा. पुण्यात शिकला, तिथं दोन नोकऱ्या केल्या, दोन्ही सुटल्या, आणि मग एकाएकी त्याला गावाकडचं प्रेम आलं. त्यानं टाकीला एक डबा बसवला. डब्यावर हिरवे आकडे दिसायचे आणि टाकीचा आकडा टेलिफोनच्या तारेतून मंचरच्या कॉम्प्युटरवर जायचा. त्या कॉम्प्युटरला तो सर्व्हर म्हणायचा, तेही असं, की गाभाऱ्यातल्या देवाचं नाव घेतोय. आधी डबा दर मिनिटाला आकडा पाठवायचा. लाईन दिवसभर अडकून राहिली, टेलिफोनचं बिल आलं आणि गेणभाऊंनी डोक्याला हात लावला. तेव्हा साहेबांनी शोध लावला.

शोध असा, की आकडा बदलला तरच डब्यानं बोलायचं. नाही बदलला तर गप्प. डबा गप्प असला की सर्व्हरनं मागचाच आकडा पुढं लिहीत जायचं. शिवाय सकाळ-संध्याकाळ सहा ते नऊ कोमट दूध ओतलं जातं, तेव्हा आकडा चढणारच, म्हणून त्या वेळात डब्याला तोंडच नाही. वा रे अक्कल! एवढ्यावर मंचरला त्याला शाल-नारळ मिळाला.

हे सगळं समजावून सांगायला त्यानं मीटिंग घेतली आणि तुकाबाईला मुद्दाम पुढं बसवलं.

"मावशी, दर दोन तासांनी फोन करून तुम्ही काय सांगता?"

"टाकी चारवर हाय."

"आणि त्याच्या आधीच्या फोनला काय सांगितलेलं असतं?"

"चारवर हाय."

"मग दुसऱ्या फोनातून आम्हाला नवीन काय मिळालं? शून्य! ह्याला माहिती म्हणत नाहीत, बडबड म्हणतात."

संचालक हसले. त्यातला संपत जरा जास्तच हसला. संचालक झाल्यापासून त्या माणसानं हसण्यापलीकडं डेअरीसाठी काही केलेलं तुकाबाईच्या तरी ऐकिवात नव्हतं.

"सायेब," ती म्हणाली, "आमी मेंढरं राखतो. कळपाच्या ह्या अंगाला मी, त्या अंगाला आमचं मालक, मधी टेकाड. थोड्या थोड्या वेळानं हाळी द्यायची. हाळीत काय बी नसतंय. पर हाळी थांबली, की दुसऱ्यानं पळत सुटायचं. तुमचा डबा गप बसला, तर तो बरा हाय का मेलाय, ह्ये कसं कळायचं?"

"मावशी, मेंढरं वेगळी, नेटवर्क वेगळं."

पुन्हा हसू. तुकाबाईला वाटलं, उठावं आणि ह्यांच्या पुढ्यातल्या चहाच्या कपबशा गोळा कराव्यात. कपबशा तरी धुतल्या की स्वच्छ होतात.

नवा हुकूम निघाला. सकाळी दूध ओतून झालं, की खोलीला कुलूप लावून तुकाबाईनं घरी जायचं. उगाच बसून राहायचं नाही, उगाच फोन करायचा नाही, उगाच डिझेल जाळायचं नाही. टाकी तापली तर डबा मंचरला सांगेल, मंचरहून शेजारच्या कोंडाबाईकडं फोन येईल, कोंडाबाई निरोप धाडेल, आणि मग तुकाबाईनं येऊन जनरेटर चालू करायचा. तीन आठवडे हे नीट चाललं. भरतची मान तेवढी ताठ झाली.

चौथ्या आठवड्यात, चैत्राच्या उन्हात, एका सोमवारी सकाळी पावणेनऊला पठारावरची लाईट गेली. लोडशेडिंगची ती वेळ नव्हती. तुकाबाई साडेआठलाच कुलूप लावून मेंढरांच्या वाड्यावर गेली होती, आणि वाड्यावर कधी लाईट नव्हतीच, तर गेलेली कळणार कशी? टाकी लाईटवर, डबाही त्याच लाईटवर. डबा मेला. मेलेला डबा काय सांगणार, की मी मेलो? मंचरहून फोन आला नाही. तिकडं सर्व्हर आपला रात्रीचा आकडा गिरवत बसला होता, चार, चार, चार.

दुपारी टँकरवाल्या मच्छिंद्रनं झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं.

"मावशी, फाटलंय ह्ये. मी भरू शकत न्हाई."

सहाशे लिटर दूध गटारात गेलं. चाळीस घरांची माणसं बघत उभी होती.

दुसऱ्या दिवशी भरत कागद घेऊन आला. नऊला चार, दहाला चार, अकराला चार, थेट टँकर येईपर्यंत चार. टाकी थंडच होती, तर दूध नासलं कशानं? घाणीनं. टाकी नीट धुतली नव्हती, कॅन नीट बघितले नव्हते. तसं त्यानं लिहूनच आणलं होतं.

"अवो, पावणेनवाला लाईट गेली! सगळ्या गावाला ठावं हाय!"

"गेली असेल. टाकीला जाड अस्तर असतं. हे बघा, चारच आहे."

"आन् सकाळचं तीनशे लिटर कोमट दूध वतलं, तरी बी चारच? येवढं बी कळंना व्हय तुमाला?"

त्यानं कागदावर बोट ठेवलं. "सर्व्हरवर आहे ते आहे."

असल्या माणसाला काय बोलायचं! पण गाव त्याचंच ऐकायला लागलं होतं, कारण त्याच्याकडं छापील कागद होता. त्या संध्याकाळी सरूबाईनं, जिचा कॅन तुकाबाई नऊ वर्षं स्वतःच्या हातानं विसळून देत आली होती, त्याच सरूबाईनं कॅन परत घेताना आत नाक घालून वास घेतला. शुक्रवारी मंचरला येऊन किल्ली जमा करायचा निरोप होता. किल्लीचं तिला काही वाटत नव्हतं. पण घाणेरड्या हातांची बाई म्हणून ती किल्ली द्यायची, हे तिला मेल्यावरही सोसलं नसतं.

शुक्रवारी सकाळी तिनं दूध ओतून घेतलं आणि ती घरी गेलीच नाही. डब्यावर हिरवा चार येईपर्यंत टाकीशेजारी बसली. नऊ वाजून गेले, डब्याला तोंड फुटलं, तरी तो चारवरच राहिला. मग तिनं नवऱ्याला म्हणजे नवसूला जनरेटरपाशी बसवलं, पान्हा घेतला आणि साडेदहाची यष्टी गाठली.

मंचरच्या हापिसात सगळे जमले होते. भरतनं कॉम्प्युटर टेबलाच्या मधोमध ठेवला होता.

"ठेवा किल्ली, तुकाबाई," गेणभाऊ म्हणाले.

"ठिवते. पर एक इचारू द्या. आत्ता ह्या घडीला आमची टाकी कितीवर हाय?"

भरत हसला. "चार."

"नक्की?"

"मावशी, यंत्र खोटं बोलत नाही."

"गेणभाऊ, तुमी बी वाचा. संपतभाऊ, तुमी बी. मोठ्यानं वाचा."

गेणभाऊंनी चष्मा लावून वाचलं, "आणे, चार." संपतनंही वाचलं.

तुकाबाईनं मांडीवरच्या पिशवीतून तो डबा काढला आणि टेबलावर ठेवला. खाली तारा लोंबत होत्या.

"साडेधापास्नं ह्यो माझ्या पिशवीत हाय. आळेफाट्याला यष्टी बदलली, नारायणगावात च्या घेतला. आता सांगा, ह्येनं कुणाची टाकी मोजली?"

संपतसुद्धा हसला नाही. भरत उठून उभा राहिला. "ही डेअरीची मालमत्ता आहे, तुम्ही ती अशी..."

"गप रे," गेणभाऊ म्हणाले. "परत बघ."

भरतनं बटण दाबलं. चारच. पुन्हा दाबलं. चारच.

"आता टाकीपाशी कोण आहे?" गेणभाऊंनी घाबरून विचारलं.

"माणूस हाय," तुकाबाई म्हणाली. "किल्ली हवी तर घ्या. पर आधी ह्या सायबानं आण्याला यायचं, चाळीस घरांम्होरं उभं ऱ्हायाचं आन् सांगायचं."

गेणभाऊंनी डबा उचलून भरतच्या हातात दिला. "जा हिच्याबरोबर. आत्ताच."

यष्टीत सबंध वाट डबा त्याच्या मांडीवर होता. ते पोचले तेव्हा संध्याकाळचं दूध घेऊन बाया-माणसं रांगेत उभी होती. भरत पायरीवर उभा राहिला आणि पुटपुटला, "सोमवारचं दूध तुकामावशींच्या चुकीनं नासलं नाही. यंत्र बंद होतं."

"काय म्हनला?" सरूबाईनं विचारलं.

त्यानं तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

"मागं न्हाई गेलं ऐकू," तुकाबाई म्हणाली, आणि त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं.