कुवेतचा होकार

"फैजलला आज परत फोन लावा, शरीफभाई," दिनानाथ आपल्या बशीतली बिस्किटं शरीफच्या बशीत सरकवत म्हणाला. "म्हनावं, फाईल जरा वर घे."

शरीफने बिस्किट चहात बुडवलं. युनियनचा सेक्रेटरी स्वतःहून काही देतो, असं रोह्याच्या त्या केमिकल कंपनीत यापूर्वी कुणी पाहिलं नव्हतं.

झालं होतं असं. दोन परदेशी कंपन्या एक व्हायच्या होत्या, आणि रोह्याचा कारखाना आहेरातल्या भांड्यासारखा त्यांच्या घरात जाणार होता. एकेका देशाच्या सरकारने होकार दिला. कुवेत तेवढं अडलं. कुवेतचा यात संबंध काय, हे मॅनेजरलाही सांगता येईना. कँटीनला मात्र लगेच उमगलं. सगळे राजी झाले तरी लग्नात एखादी लांबची आत्या रुसून बसतेच. त्यात वजनकाट्यावरचा शरीफ बोलून गेला की, कुवेतात ही फाईल जिथे अडलीय, त्याच ऑफिसचा एसी आपल्या पोराने, फैजलने दुरुस्त केलाय. झालं. शिडी लावून साहेबाच्या डोक्यावर चढणाऱ्या माणसाला त्याच्या कानाशी लागायला कितीसा वेळ लागतो!

होकार सगळ्यांना लवकर हवा होता. नवी कंपनी पगार वाढवणार, अशी बातमी होती. ती दिनानाथनेच उठवली होती, आणि एव्हाना त्याचाही तिच्यावर विश्वास बसला होता.

होकार लांबावा असं वाटणारा माणूस एकच होता, आणि बिस्किटं त्यालाच मिळत होती.

शरीफ महिनाअखेरीला निवृत्त होणार होता. निवृत्त माणसाला हार घालून, कंपनीच्या बसने, सगळ्यांनी त्याच्या घराच्या दारापर्यंत सोडायला जायचं, ही कंपनीची जुनी रीत. नव्या कंपनीत तसं काही नसतं, ईमेलवर फुलांचं चित्र येतं, असं एचआरच्या दिशा मॅडमनी सांगितलं होतं. इकडे पेणला त्याच्या बायकोने, अजीजाने गल्लीभर आमंत्रणं करून ठेवलेली.

संध्याकाळी शरीफने फोन लावला. "दिनानाथ म्हनतो, फाईल वर सरकव."

"अब्बा, मी एसीवाला हाय. फाईल माझ्या हातात नाय."

"ठाव हाय मला. पन सरकवायची नाय, येवढं ध्यानात ठेव."

अजीजाने फोन ओढून घेतला. "तिथला एसी चांगला गार कर रे. सायब झोपला पायजे."

साहेब झोपला नाही. शरीफच्या शेवटच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर, कुवेतचा होकार आला. पेढे वाटले गेले. फैजलने करून दाखवलं म्हणत लोकांनी शरीफला हार घातला आणि उचलायचंच बाकी ठेवलं. त्या गडबडीत दिशा मॅडम जवळ आल्या आणि खाली बघत म्हणाल्या, नवे नियम आजपासूनच लागू झालेत. बस फक्त शिफ्टच्या लोकांना सोडण्यापुरती. शरीफ म्हणाला, पेढा छान आहे. म्हणजे रोजच्यासारखंच शिफ्टच्या बसने जायचं, पेणच्या नाक्यावर उतरायचं आणि हार पिशवीत घालून चालत घर गाठायचं. अजीजाला काय सांगायचं, एवढाच प्रश्न होता.

शिफ्ट सुटली. शरीफ बसमध्ये चढला आणि मागोमाग सगळा कारखानाच चढू लागला. दिनानाथला दिशा मॅडमनी दारातच अडवलं.

"तुम्ही कुठे?"

"शिफ्ट सुटली. घरी."

"तुमचं घर तर समोर दिसतंय."

"व्हय. पन बस आधी पेनला जाते ना, मॅडम."

मॅडमनी नियम मनात एकदा वाचून पाहिला. मग मोबाइल पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "सरका जरा."

कासूला रोज निम्मी बस रिकामी होते. ड्रायव्हर पोपटने बस थांबवली, दार उघडलं, वाट पाहिली. कासूचे लोक खिडकीबाहेर असे बघत राहिले, जणू हे गाव त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिलं. पोपटने दार लावलं.

पेणच्या नाक्यावर बस थांबलीच नाही. थेट गल्लीत शिरली. अजीजाने केलेली सांदणं पुरेनात, तेव्हा शेजारणींनी आपापल्या घरची पातेली आणली. दिनानाथने पगारवाढीवर भाषण केलं. ते कुणी ऐकलं नाही, आणि टाळ्या भरपूर पडल्या.

अंधार पडायच्या बेताला मंडळी बसमध्ये चढली. गल्ली अरुंद. गळ्यातल्या हारासकट शरीफ मागे उभा राहिला आणि "येऊ दे, येऊ दे" म्हणत त्याने बस मोठ्या रस्त्यापर्यंत काढून दिली. मग पत्र्यावर दोनदा थाप मारली.

बस निघून गेली. त्याचा हात थोडा वेळ तसाच वर राहिला.