खाली बहीण लिहा

फोटोग्राफरने खुर्ची उचलून भिंतीच्या कोपऱ्यात ठेवली, खिडकीचा पडदा अर्धा ओढला आणि वायरमनला म्हणाला, "इथे बसा. डोकं दोन्ही हातांत धरा. कॅमेऱ्याकडे बघू नका."

वायरमन उभाच राहिला. इस्त्रीचा शर्ट घालून तो थोरल्या बहिणीबरोबर संस्थेच्या कार्यालयात आला होता. मनाच्या आजारांवरच्या संशोधनासाठी ही संस्था देणग्या गोळा करायची. ज्या गोळ्यांच्या आधारावर तो सहा वर्षं नीट कामावर जात होता, त्या गोळ्या मूत्रपिंडाचं काय करतात हे त्याचे डॉक्टर तपासत होते, आणि त्या अभ्यासाचा निधी दोन महिन्यांत संपणार होता. नव्या पोस्टरवर चेहरा दाखवायला कुणी तयार आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा एकट्या वायरमनने हात वर केला होता.

"असा मी कधी बसलोच नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?" पोस्टरचं काम बघणाऱ्या संस्थेच्या बाईंनी विचारलं.

"आजार जोरात होता तेव्हा मी एका जागी टिकायचोच नाही, बाई. तीन दिवसांत अख्ख्या घराचं वायरिंग उपसून काढलं. शेजाऱ्यांचंही काढणार होतो, त्यांनी दार लावून घेतलं."

"दाराला आतून कपाटही लावलं," बहीण हसत म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. "दुःख दिसलं तरच लोकांचा हात खिशाकडे जातो. पंधरा वर्षं बघतेय मी."

"मग मला शिडीवर उभा करा. हातात टेस्टर द्या. खाली लिहा, हा माणूस गोळ्या घेतो आणि रोज कामाला जातो."

"शिडीवरच्या माणसाला कोण पैसे देईल?"

"खोटं बसणार नाही मी."

"तुमच्याच औषधाचा अभ्यास आहे. बंद पडला तर नुकसान तुमचंच."

"कळतंय मला. तरी नाही."

त्याने खुर्ची कोपऱ्यातून उचलली आणि खोलीच्या मधोमध आणून ठेवली. फोटोग्राफरने घड्याळाकडे पाहिलं.

मग बहिणीने हातातली पिशवी खाली ठेवली. तीच खुर्ची उचलून पुन्हा कोपऱ्यात नेली आणि बसली. कोपरं गुडघ्यांवर टेकली, तोंड ओंजळीत घातलं. पाठ आपोआप वाकली.

"अशी मी बसायचे," ती ओंजळीतूनच बोलली. "जिन्यात."

वायरमन तिच्याकडे बघत राहिला. "कधी?"

"रोज. कामावरून आले की, वर येण्याआधी."

"तू तर सारखी मस्करी करायचीस, ताई."

"ती वर आल्यावर."

कॅमेरा हलकेच वाजला. तिने मान वर केली. डोळे कोरडे होते.

"हा फोटो घ्या," ती बाईंना म्हणाली. "पण खाली रुग्ण लिहायचं नाही. बहीण लिहा. जमत नसेल तर आत्ता, माझ्यासमोर पुसून टाका."

"ताई, आवाहन रुग्णांसाठी आहे," बाई म्हणाल्या.

"मग मी कुणासाठी बसत होते?"

बाईंनी हातातला कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. शेवटी पेन काढून त्यावर एक शब्द लिहिला.

पोस्टर लागलं. देणग्या अपेक्षेच्या निम्म्याच आल्या आणि अभ्यास वर्षापुरता वाचला. देणग्यांबरोबर चिठ्ठ्या मात्र पुष्कळ आल्या: आयांच्या, नवऱ्यांच्या, एका सासूची तर चार पानी. त्या सगळ्या डॉक्टरांनी घरी नेऊन वाचल्या.

पुढच्या तपासणीला वायरमनचं रक्त काढून झालं, तेव्हा डॉक्टरांनी त्याला नेहमीचा फॉर्म दिला. दुसरा, नवा छापलेला, बहिणीपुढे सरकवला. वर 'घरातील व्यक्तीसाठी' असं लिहिलं होतं. पहिला प्रश्न होता, 'आपण स्वतः कसे/कशा आहात?' खाली उत्तरासाठी टिंबांच्या दोन ओळी.

तिने चष्मा लावून प्रश्न दोनदा वाचला आणि फॉर्म परत टेबलावर ठेवला.

"भरायचा नाही का, ताई?" वायरमनने विचारलं.

"भरणार आहे. पण दोन ओळींत नाही." ती डॉक्टरांकडे वळली. "कोरे कागद आहेत का?"

"आहेत. किती देऊ?"

तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"सुरुवातीला दहा द्या."