जवारी मिरचीच्या पानावरचे ठिपके

चांगुणाच्या हातचं रोप मान टाकत नाही, असं अणदूरच्या पलीकडच्या त्या गावात सगळेच म्हणत. मिरचीचं रोप दोन बोटांत धरायचं, अंगठ्यानं माती दाबायची आणि पुढं सरकायचं, जणू निजलं लेकरू कुशीवर वळवावं. लावता लावता ती ओठातल्या ओठात गुणगुणे:

रोप लाविते मी बाई, काळ्या मातीला सांगून
माझ्या लेकीवानी हिला, घे गं पोटात राखून

या हाताला सोसायटीच्या मळ्यात शिरायला अर्धं आयुष्य लागलं होतं. तिच्या लहानपणी तिथली विहीर एकट्या मल्लिनाथअण्णांच्या घरची. अण्णांची आई नागम्मा अव्वा तेव्हा चांगुणाच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची, स्वतःचा हात लांब ठेवून. पुढं चांगुणाच्या वस्तीनं बुद्धाला शरण जाऊन ते जिणं मागं टाकलं, तरी विहीर लांबच राहिली. मग बहात्तरचा दुष्काळ पडला. खडी फोडायच्या कामावर साऱ्या गावच्या बाया एका रांगेत बसल्या. पोटातली आग मारायला चांगुणानं तंबाखूची चिमूट पहिल्यांदा तिथंच गालात धरली, ती पुन्हा सुटली नाही. अव्वाच्या सुनेनं तिथंच तिच्या हाताचं कसब पाहिलं. गावात सहकारी सोसायटी निघाली, विहीर सोसायटीची झाली, अण्णा चेअरमन झाले आणि त्यांनी निरोप धाडला, “रोपं लावायला चांगुणाबाईच पाहिजे.”

त्याला आता दहा वर्षं झाली होती. पाऊस पुन्हा रुसला होता. विहिरीत कमरेइतकं पाणी उरलं, म्हणून सगळ्या सभासदांनी मिळून एकच पीक धरलं, पहिल्यांदाच सुधारित बियाण्याची मिरची. तिसऱ्या आठवड्यात काही सऱ्यांतली पानं चितकबरी झाली, आकसली, वाढ खुंटली. पानं मुरडायचा रोग, कोकडा, समजून औषध फवारलं, उपयोग शून्य.

पाणी देणारा गुंडाप्पा बांधावर उभा राहून म्हणाला, “बघा की अण्णा, दोरी धरल्यावानी! हिच्या हाताखालच्या सऱ्या तेवढ्या गेल्या. म्या जातीचं बोलत न्हाय बरं का, हाताचं बोलतोय.”

बाया खाली बघू लागल्या. अण्णांनी टोपी काढून पुन्हा घातली. “सोमवारी बैठक घेऊ. तवर चांगुणाबाई, रोपाला हात लावू नका.”

चांगुणा घरी आली आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन बसून राहिली.

शनिवारच्या एसटीनं तिची लेक विशाखा आली. परभणीच्या कृषी विद्यापीठात ती एम.एस्सी. करत होती, पिकांच्या रोगांवर. आईचं ऐकून ती तशीच तिला घेऊन मळ्यात गेली. सगळ्या सऱ्या फिरली, पानं उन्हात धरून पाहिली.

“आई, तुझी चंची दाखव.”

चंचीतली तंबाखू तिनं तळव्यावर घेतली आणि बोटानं पसरून पाहिली.

“बोल की.”

“हा कोकडा न्हाय. तंबाखूतला विषाणू हाय. पान सुकलं तरी तो मरत न्हाय. तू तंबाखू मळतीस आन् त्याच हातानं रोप धरतीस. बाकीच्या बाया मिश्री लावतात, ती भाजलेली असती, त्यात तो मरतो.”

“म्हंजी गुंडाप्पा खरं बोलला.”

“न्हाय आई, तो...”

“हात माझाच हाय ना?”

विशाखाचे डोळे भरले. “मी सभेत सांगणार न्हाय. रोग कशानं आला कळत न्हाय म्हणू. आज खरं सांगितलं तर उद्या हे लोक तंबाखू इसरतील आन् हात तेवढा ध्यानात ठेवतील.”

चांगुणा बांधाकडं चालू लागली. बांधाच्या कडेला एक जवारी, गावठी वाणाची मिरची उभी होती. अव्वाच्या परसातलं रोप, चांगुणानंच लावलेलं. खालच्या पानांवर तपकिरी ठिपके, दोन पानं गळून पडलेली, पण शेंडा हिरवागार.

“हिलाबी माझाच हात लागलाय. ही कशी उभी?”

विशाखा खाली बसली. “विषाणू शिरला तिथला कण न् कण हिनं स्वतःच जाळून टाकला. त्योच ठिपका. आन् मग अंगात नवी प्रथिनं तयार केली.”

“प्रथिनं म्हंजी डाळीतली?”

“जात तीच, पण ही येगळीच.” लेक डोळे पुसत हसली. “आमी असल्या पानांचा रस काढून बघतो. वीज सोडली की रसातली प्रथिनं अलग होतात, रंग दिला की निळ्या रेघा दिसतात. निरोगी झाडात यातल्या काही रेघा नसतातच. दुखणं सोसलेल्या झाडातच उमटतात. वरच्या चांगल्या पानातसुदिक. मग तोच रोग पुन्हा आला, तर ठिपके बारीक पडतात.”

“वरच्या पानाला कोण सांगतं?”

“ते अजून कुणालाच नीट ठाऊक न्हाय.”

चांगुणानं शेंड्याकडं हात नेला आणि पान बोटभर अंतरावर असताना मागं घेतला.

सोमवारी विहिरीवर सगळे जमले. अण्णांनी विषय काढायच्या आत चांगुणा उभी राहिली.

“माझ्याच हातानं गेली मिरची,” ती म्हणाली. विशाखानं डोळे मिटले. “पण हाताचा गुण न्हाय हा, तंबाखूचा हाय. दुखरं रोप उपटून जाळा. आन् आता ज्यानं ज्यानं त्या रोपाला हात लावला, त्या समद्यांच्या हातावर रोग हाय. गुंडाप्पा, तुमच्याबी.”

दूध सोसायटीतून मलई काढलेल्या दुधाचं एक घमेलं विशाखानं आणून ठेवलं. साबणानं धुवायला पाणी कुठलं? दुधात हात बुडवले की विषाणू रोपाला लागत नाही, असं तिनं समजावलं. चांगुणानं चंची सोडून जाळायच्या ढिगावर झटकली, चंचीही टाकली. मग मनगटापर्यंत हात दुधात बुडवले.

“आता ज्याला रोप लावायचंय, त्यानं यावं.”

कुणी हललं नाही.

“एकाच घमेल्यात?” गुंडाप्पानं विचारलं.

“दुष्काळ हाय. दुसरं घमेलं कशानं भरू?”

विहिरीच्या काठावर बसलेली नागम्मा अव्वा काठी टेकत उठली. ऐंशीला टेकलेली बाई. घमेल्यापाशी येऊन तिनं चांगुणाकडं पाहिलं नाही, फक्त म्हणाली, “वाकवत न्हाय गं. कोपराला धर.”

चांगुणानं दुधानं ओला एक हात काढून तिला कोपराला धरलं. अव्वाचे सुरकुतलेले हात खाली गेले आणि चांगुणाच्या दुसऱ्या हाताशेजारी दुधात टेकले.

“गार हाय,” अव्वा म्हणाली. हात बाहेर काढत म्हणाली, “परसात जवारीचं रोप हाय, दोन वाफं. न्या.”

मग एकेक बाई पुढं आली. गुंडाप्पा फावडं घेऊन पाटाच्या टोकाला निघून गेला, दिवसभर इकडं फिरकला नाही. दुपारी रोपं आली, तेव्हा अण्णांनी पाटी उचलून चांगुणापुढं ठेवली.

तिनं पहिलं रोप दोन बोटांत धरलं. तंबाखूवाचून गाल रिकामा होता, ओवी ओठावर येईना. तिनं अंगठ्यानं माती दाबली, क्षणभर थांबून रोप उभं राहतंय का पाहिलं, आणि पुढं सरकली.